मोठं घर, पोकळ वासा आणि ममीचा शाप

‘डाऊंटन ॲबी’ तुम्ही पाहिली असेल, तर सुरुवातीचं ते पियानोचं संगीत, मालकाच्या पावलांबरोबर चालणारा कुत्रा आणि हिरवळीपलीकडे उभा असलेला तो अवाढव्य वाडा डोळ्यांसमोर आलाच असेल. पाहिली नसेल, तरी त्या वाड्याचा फोटो कुठल्या ना कुठल्या रीलमध्ये तुमच्यासमोरून नक्की सरकला असणार.

आता दुसरा प्रश्न. ‘ममीचा शाप’ ऐकलाय? अर्थात ऐकलाय! तुतनखामेनचं थडगं उघडलं, उघडणारे एकामागून एक मेले, वगैरे. शाळेत असताना मीही ही गोष्ट रंगवून रंगवून सांगायचे.

गंमत म्हणजे, या दोन्ही गोष्टी एकाच घरातल्या आहेत. ज्या लॉर्डच्या मृत्यूवरून शापाची बातमी जगभर गेली, तो लॉर्ड त्याच वाड्याचा मालक होता. वाड्याचं खरं नाव हायक्लेअर कॅसल. मालिकेत तो उत्तरेला यॉर्कशायरमध्ये दाखवलाय. प्रत्यक्षात तो इंग्लंडच्या दक्षिणेला, हॅम्पशायर परगण्यात, न्यूबरी गावाजवळ आहे. नावात ‘कॅसल’ असलं तरी हा काही लढाईचा किल्ला नाही. हे एका श्रीमंत घराण्याचं राहतं घर आहे. आजही तेच घराणं तिथे नांदतंय.

एवढं मोठं घर चालतं कशावर? हा प्रश्न धरून हायक्लेअरचा इतिहास वाचला की एक वेगळीच गोष्ट हाती लागते.

आधी बिशप, मग लॉर्ड

ही जागा शेकडो वर्षं विंचेस्टरच्या बिशपांच्या ताब्यात होती. तेव्हा इथे त्यांचा वाडा होता. १६७९ मध्ये सर रॉबर्ट सॉयर या बड्या वकिलाने ती विकत घेतली. हा माणूस राजाचा ॲटर्नी जनरल. त्याच्या मुलीचं लग्न हर्बर्ट घराण्यात झालं आणि मालमत्ता त्या घराण्याकडे आली. १७९३ मध्ये हर्बर्ट घराण्यातल्या हेन्रीला ‘अर्ल ऑफ कार्नारव्हन’ ही पदवी मिळाली. आज गादीवर आहेत ते आठवे अर्ल.

भोवतालची हिरवळ बघून वाटतं, काय निसर्ग आहे! तो निसर्गही हुकमावरून घडवलेला. अठराव्या शतकातला प्रसिद्ध उद्यानरचनाकार ‘केपेबिलिटी’ ब्राऊन याने ही बाग आखली. टेकड्यांचे उतार आणि झाडांचे पुंजके कुठे दिसावेत, हे त्याने ठरवलं. आज आपण पाहतो ते घर मात्र त्यानंतरचं. १८४२ मध्ये तिसऱ्या अर्लने जुन्या साध्या घराचं रूप पालटायचं ठरवलं आणि काम दिलं सर चार्ल्स बॅरी यांना. लंडनची पार्लमेंटची इमारत बांधणारे हेच ते बॅरी. दोन्ही इमारतींचे फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा, मनोरे आणि उभ्या रेषांचं साम्य लगेच दिसेल. मालक गेला तरी काम चालूच होतं. आतली सजावट पुरी व्हायला १८७८ साल उजाडलं.

तोवर चौथे अर्ल आले होते. ते ब्रिटिश सरकारात वसाहतींचे मंत्री होते. १८६६ च्या हिवाळ्यात कॅनडाचे पुढारी मसुदा घेऊन हायक्लेअरला आले. पुढच्या वर्षी त्यातूनच कॅनडा नावाचं संघराज्य उभं राहिलं. म्हणजे बघा, हजारो मैलांवरच्या एका देशाची घडी एका खासगी घराच्या दिवाणखान्यात बसवली जात होती. या इंग्लिश वाड्यांकडे नुसतं सुंदर घर म्हणून बघता येत नाही, ते यासाठीच.

सोयरीक पाच लाखांची

आपल्या गोष्टीचा नायक म्हणजे पाचवे अर्ल, जॉर्ज हर्बर्ट. जन्म १८६६. रेसचे घोडे, वेगवान मोटारी, प्रवास, फोटोग्राफी असे सगळे महागडे शौक. त्यांचा एक जिवलग दोस्त होता प्रिन्स व्हिक्टर दुलीपसिंग. पंजाबचे शेवटचे महाराज दुलीपसिंग यांचा हा मुलगा. ज्या बालमहाराजांकडून इंग्रजांनी राज्य आणि कोहिनूर दोन्ही घेतलं, त्यांचा मुलगा ईटनच्या शाळेत इंग्रज लॉर्डच्या पोराबरोबर शिकत होता. इतिहास असा कुठेही भेटतो.

शौक म्हटलं की कर्ज आलंच. त्यावरचा उपाय जुना आणि आपल्याला ओळखीचा होता. १८९५ मध्ये लॉर्डसाहेबांनी लग्न केलं. वधू १९ वर्षांची अल्मिना वुम्बवेल. ती आल्फ्रेड डी रोथशील्ड या गर्भश्रीमंत बँकमालकाची मुलगी आहे, असं उघडपणे कुणी म्हणायचं नाही, पण मानायचे सगळे. रोथशील्डने जावयाचं कर्ज तर फेडलंच, शिवाय मुलीच्या नावे पाच लाख पाऊंडांची तजवीज केली, असं सांगतात. त्या काळचे पाच लाख! आपण ज्याला हुंडा म्हणतो त्याला तिथे ‘मॅरेज सेटलमेंट’ असं भारदस्त नाव होतं, एवढंच.

‘डाऊंटन ॲबी’ पाहिलेल्यांना इथे काहीतरी आठवेल. मालिकेतलं घरही अमेरिकन सुनेच्या पैशावर तरलेलं असतं. ते कथानक कुठल्या मातीतून उगवलंय, हे वेगळं सांगायला नको.

पण अल्मिनाला केवळ ‘पैसे आणणारी सून’ म्हणणं अन्याय होईल. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं, तेव्हा तिने हायक्लेअरमध्ये जखमी सैनिकांसाठी रुग्णालय उघडलं. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं ही कामं ती स्वतः करायची. पुढे हे रुग्णालय लंडनला हलवलं. खर्च वडिलांच्या पैशातून. हात इतका सढळ की पुढे, १९५१ मध्ये, तिच्यावर दिवाळखोर म्हणून जाहीर व्हायची वेळ आली.

शेवटचा एक हंगाम

मोटारींचा शौक लॉर्डसाहेबांना महागात पडला. जर्मनीत गाडी उलटली, ते जबर जखमी झाले आणि तब्येत कायमची खालावली. डॉक्टर म्हणाले, इंग्लंडचा हिवाळा टाळा, इजिप्तला जा. तिथे वेळ जाईना म्हणून त्यांनी उत्खननाचा परवाना काढला. मग जोडीला आले हॉवर्ड कार्टर. हे ना लॉर्ड, ना पदवीधर. चित्रकाराचा मुलगा. १७ व्या वर्षी थडग्यांतल्या चित्रांच्या नकला काढायला म्हणून इजिप्तला गेलेला हा माणूस काम करता करता पुरातत्त्वज्ञ झाला होता.

राजांच्या दरीत दोघांनी वर्षानुवर्षं खोदकाम केलं. खडी आणि वाळूचे डोंगर उपसले, पण हाती म्हणावं असं काही लागेना. १९२२ च्या उन्हाळ्यात लॉर्डने कार्टरना हायक्लेअरला बोलावून घेतलं आणि सांगितलं, आता बास. सांगतात की कार्टरनी नकाशा पुढे केला. एक छोटा तुकडा अजून खोदायचा राहिला होता. एक हंगाम द्या, खर्च मी करतो, काही मिळालं तर ते तुमचं. लॉर्डना ते लागलं. ते म्हणाले, ठीक आहे, एक हंगाम आणखी, आणि खर्च माझाच.

त्या राहिलेल्या तुकड्यावर प्राचीन काळच्या मजुरांच्या झोपड्यांचे अवशेष होते. ४ नोव्हेंबर १९२२ ला त्यांच्याखाली दगडात कोरलेली एक पायरी सापडली. कार्टरनी हायक्लेअरला तार केली आणि लॉर्ड येईपर्यंत काम थांबवलं. लॉर्ड मुलीला, लेडी एव्हलिनला, घेऊन पोचले. २६ नोव्हेंबरला कार्टरनी बंद दाराला भोक पाडून आत मेणबत्ती धरली. डोळे अंधाराला सरावले तसे सोनेरी जनावरांच्या आकाराचे पलंग, पुतळे, मोडून ठेवलेले रथ दिसू लागले. तीन हजारांहून जास्त वर्षं मिटलेली खोली होती ती. आतल्या वस्तूंची संख्या पुढे ५ हजारांवर गेली आणि सगळं बाहेर काढायला जवळपास दहा वर्षं लागली.

एक्स्क्लुझिव्ह!

आमच्या पत्रकारितेच्या वर्गात ‘एक्स्क्लुझिव्ह’ या शब्दाला फार मान आहे. त्या शब्दाची दुसरी बाजू मला या प्रकरणात कळली.

खोदकामाला पैसा लागत होता आणि जगभरचे वार्ताहर लक्झरला धडकले होते. जानेवारी १९२३ मध्ये लॉर्ड कार्नारव्हन यांनी लंडनच्या ‘द टाइम्स’शी करार केला. थडग्याच्या बातम्या आणि फोटो आधी ‘टाइम्स’ला मिळणार. बदल्यात ५ हजार पाऊंड, शिवाय त्या बातम्या जगभर विकून जो नफा होईल त्यातले ७५ टक्के.

कागदावर हा साधा सौदा होता. पण साल बघा. १९२२ च्या फेब्रुवारीत ब्रिटनने इजिप्तचं स्वातंत्र्य मान्य केलं होतं. देश नुकताच मोकळा श्वास घेत होता. थडगं इजिप्तमधलं, राजा इजिप्तचा आणि कैरोच्या वार्ताहराला बातमी मिळणार लंडनच्या पेपरकडून! इजिप्तचे पेपर भडकले नसते तरच नवल.

ही धुसफूस थांबली नाही. फेब्रुवारी १९२४ मध्ये राजाच्या दगडी शवपेटीचं झाकण दोरखंडांनी वर उचललेलं असताना वाद विकोपाला गेला. निमित्त काय, तर कार्टरना आपल्या सहकाऱ्यांच्या बायकांना थडगं दाखवायचं होतं आणि सरकारने परवानगी नाकारली. कार्टरनी काम बंद केलं, सरकारने थडग्याला कुलूप ठोकलं. वरवर भांडण पाहुण्यांवरून होतं, पण खरा प्रश्न एकच होता, घर कुणाचं आणि किल्ली कुणाकडे?

आणि ज्यांनी प्रत्यक्ष खोदलं, त्यांचं काय? अहमद गेरिगर, गाद हसन, हुसेन अबू अवाद, हुसेन अहमद सईद. या चार इजिप्शियन मुकादमांची नावं कार्टरनी आपल्या पुस्तकात कृतज्ञतेने नोंदवली. बाकीचे शेकडो मजूर आणि टोपल्या वाहणारी पोरं फोटोत दिसतात, पण बिननावाची.

मग शाप आला कुठून?

१६ फेब्रुवारी १९२३ ला मुख्य शवकक्ष उघडला. त्यानंतर काही दिवसांनी लॉर्डना गालावर डास चावला. दाढी करताना तिथेच कापलं, जखम चिघळली, रक्तात विष भिनलं, त्यात न्यूमोनिया. अँटिबायोटिक्स यायला अजून वर्षं होती. मुलगा भारतात ब्रिटिश पलटणीत होता, तो तार मिळताच कैरोकडे निघाला. ५ एप्रिल १९२३ ला पहाटे लॉर्ड गेले. वय ५६.

आता त्या वार्ताहरांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुम्ही लक्झरला आहात. संपादक रोज बातमी मागतोय. आत काय चाललंय ते फक्त ‘टाइम्स’ला कळतंय. अशात थडग्याचा मालकच मरतो. तुम्ही काय लिहाल?

त्यांनी शाप लिहिला. मेरी कोरेली या लोकप्रिय कादंबरीकार बाईंनी लॉर्ड आजारी असतानाच थडग्यात शिरणाऱ्यांना भयंकर शिक्षा होते, असा इशारा दिला होता. तो आता भविष्यवाणी ठरला. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनीही थडग्याची राखण करणाऱ्या अदृश्य शक्तींचा हात असू शकतो असं सुचवलं. होम्सने हे ऐकलं असतं तर पाईप खाली ठेवला असता! मग लॉर्ड गेले तेव्हा कैरोतले दिवे गेले, तिकडे हायक्लेअरमध्ये त्यांची कुत्री त्याच क्षणी विव्हळून मेली, अशा कहाण्या जोडल्या गेल्या. थडग्याच्या दारावर शाप कोरला होता, असंही छापून आलं. असा कुठलाही मजकूर तिथे सापडलेला नाही.

आता जरा हिशेब करू. आत शिरणाऱ्या पहिल्या काही जणांत लेडी एव्हलिन होती. ती १९८० पर्यंत जगली. राजाच्या ममीला हात लावणारे, शापाचे खरे ‘गुन्हेगार’ कार्टर १९३९ मध्ये, ६४ व्या वर्षी गेले. २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये यावर चक्क एक अभ्यास आला. कार्टरनी नोंदवलेल्या ४४ पाश्चात्त्य लोकांपैकी २५ जण शवकक्ष, शवपेट्या किंवा ममी उघडताना हजर होते. त्यांचं मृत्यूचं सरासरी वय ७० होतं. बाकीच्यांचं ७५. एवढ्या थोड्या लोकांत हा फरक योगायोगानेही पडू शकतो, त्यातून शाप काही सिद्ध होत नाही, असं संशोधकाने आकडेमोड करून दाखवलं.

शंभर वर्षं झाली, तरी अभ्यास कुणाला माहीत नाही आणि शाप सगळ्यांना पाठ. आपल्या फोनवर रोज येणाऱ्या फॉरवर्डचं याहून वेगळं काय होतं? खरी माहिती मिळण्याची वाट अडली की त्या रिकाम्या जागेत अफवा शिरते. बातमी अडवून ठेवणारा आणि अफवा छापणारा, दोघेही त्याला जबाबदार असतात. शाळेत ती गोष्ट रंगवून सांगणारी मीही त्या साखळीतलीच एक कडी होते.

कपाटातला इजिप्त

लॉर्ड गेल्यावर वारसा कराचं ओझं आलं. तुतनखामेनच्या थडग्यातलं सगळं इजिप्तकडे राहिलं. १९३० मध्ये इजिप्त सरकारने उत्खननाच्या खर्चापोटी लॉर्डच्या वारसांना सुमारे ३६ हजार पाऊंड दिले. त्याआधी लॉर्डनी जमवलेला इजिप्शियन वस्तूंचा खासगी संग्रह अल्मिनाने १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला विकला होता. किंमत १ लाख ४५ हजार डॉलर.

नव्या अर्लना इजिप्तचं नावही नकोसं झालं. हा विषय घरात निघेनासा झाला. १९८७ मध्ये तेही गेले आणि मालमत्तेची मोजदाद सुरू झाली. तेव्हा घरातल्या एका निवृत्त बटलरने आठवण करून दिली, अहो, त्या दोन खोल्यांच्या मधल्या जाड भिंतीतली कपाटं बघितलीत का? उघडून पाहिलं तर आत प्राचीन इजिप्तच्या शेकडो वस्तू. साठेक वर्षं मालक त्याच भिंतीशेजारून ये-जा करत होते. माहीत होतं ते नोकराला.

विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये असे शेकडो वाडे पाडले गेले. वारसा कर वाढला, नोकर मिळेनासे झाले, छपरं गळू लागली. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने या उद्ध्वस्त घरांवर मोठं प्रदर्शन भरवलं होतं. हायक्लेअर उभं राहिलं, पण २००९ च्या सुमाराला त्याचीही गत आपल्या म्हणीसारखी झाली होती. मोठं घर, पोकळ वासा. वरच्या मजल्यांवर ओल शिरलेली, निदान पन्नास खोल्या राहण्याजोग्या नाहीत आणि सगळ्या मालमत्तेच्या दुरुस्तीचा अंदाज सुमारे १ कोटी २० लाख पाऊंड.

आणि मग कॅमेरे आले. लेखक ज्युलियन फेलोज या कुटुंबाच्या ओळखीचे. त्यांनी हेच घर डोळ्यांसमोर ठेवून मालिका लिहिली. सप्टेंबर २०१० मध्ये पहिला भाग लागला, सहा सीझन झाले, २०२५ पर्यंत तीन सिनेमे आले. पर्यटकांच्या रांगा लागल्या, छपराची डागडुजी झाली. आज तिकीट काढून तुम्हीही आत जाऊ शकता. तळघरात इजिप्तचं प्रदर्शन आहे.

जिना उतरून खाली

शेवटची एक गोष्ट. मालिकेतला तुमचा आवडता भाग कुठला? माझा, खालचा. स्वयंपाकघर, नोकरांचं लांबच लांब जेवणाचं टेबल, भिंतीवरच्या घंटांची ती ओळ. मी तो शोधायला गेले आणि कळलं की तो भाग हायक्लेअरमध्ये चित्रित झालेलाच नाही. खऱ्या वाड्यातला नोकरांचा तो जुना भाग काळाच्या ओघात बदलून गेला होता. म्हणून लंडनच्या ईलिंग स्टुडिओत त्याचा सेट उभारला. मालकांचा दिवाणखाना जसाच्या तसा टिकला. नोकरांचं स्वयंपाकघर मात्र प्लायवूडचं बनवावं लागलं.

हे वाचून मला लक्झरचे ते बिननावाचे मजूर आठवले. कपाटांची आठवण ठेवणारा बटलर आठवला. आणि स्वतःच्या देशातली बातमी लंडनहून येण्याची वाट बघणारा कैरोचा वार्ताहर आठवला. त्याच्यावर अजून कुणी मालिका काढलेली नाही. कुणीतरी काढा!

१ नोव्हेंबर २०२५ ला गिझाच्या पिरॅमिडांजवळ ‘ग्रँड इजिप्शियन म्युझियम’चं रीतसर उद्घाटन झालं. तुतनखामेनच्या थडग्यातल्या वस्तूंचा सगळा ठेवा तिथे पहिल्यांदाच एकत्र मांडला गेलाय, इजिप्तच्या स्वतःच्या घरात. किल्ली अखेर घरमालकाकडे आली.

तेव्हा पुढच्या वेळी स्क्रीनवर असा एखादा सुंदर वाडा दिसला तर तो जरूर एंजॉय करा, पण झुंबरावरून नजर जरा खाली आणा. छत कुणाच्या पैशावर उभं आहे आणि गोष्ट कोण सांगतंय, हे दोन प्रश्न विचारा. आणि ‘ममीचा शाप’वाली रील आली, तर पुढे पाठवण्याआधी त्या लक्झरच्या वार्ताहरांची एकदा आठवण काढा.